हरणाऱ्या टीमचा प्रेक्षक

आमचा निखिल लीड्सला युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये होता. त्या सीझनला टीम एकही मॅच जिंकली नाही. बघायला आम्ही चार-पाच पालक आणि कुत्रा घेऊन येणारे एक म्हातारे गोरे गृहस्थ. त्यांचं टीममध्ये कुणीच नव्हतं, तरी प्रत्येक हरलेल्या मॅचनंतर ते टोपी काढून मुलांना दाद द्यायचे.

शेवटच्या मॅचला निखिल पडला तो उठेचना. मी धावले, त्याचं हेल्मेट काढायला वाकले, तर त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी माझा हात धरला.

"नको, लव्ह," तिकडे कुणालाही मायेने म्हणतात तसं ते म्हणाले. "मानेला धक्का लागेल. मी कोळशाच्या खाणीत होतो, अशी पडलेली माणसं पाहिलीत."

ते चिखलात गुडघे टेकून बसले. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत दोन्ही हातांनी त्याचं डोकं स्थिर धरून त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत राहिले.

स्कॅन नॉर्मल आला. पुढच्या रविवारी मी मुद्दाम मैदानावर गेले. ते एकटेच कुत्र्याला फिरवत होते.

"बरा आहे तो," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. मग म्हणाले, "छान. आता त्याला सांग, जरा बॉल पकडायला शीक."

त्या रिकाम्या मैदानात मी आठवड्यात पहिल्यांदाच खळखळून हसले.