देशकर साहेबांनी पास केलेली गाडी

मुरलीधर देशकरांच्या कानाचा जबलपूरच्या ट्रकांच्या कारखान्यात मोठा दबदबा होता. इंजिनाचा ओतीव भाग समोर आला की ते लहान हातोडीने त्यावर टकटक करत, डोळे मिटत आणि ऐकत. खणखणीत वाजला तर खडूची बरोबरची खूण, फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजला तर फुली. एकदा फुली पडली की फोरमनने डोकं आपटून घेतलं तरी ती पुसली जात नसे. एकाहत्तर साली लढाईचे ढग जमू लागले, कारखाना दिवसरात्र धडधडू लागला, वरून रोज तगादा येऊ लागला. तरी देशकरांनी एक फुली कमी मारली नाही. "त्या ट्रकांत आपलीच पोरं बसून जाऊन राहिली," एवढंच ते म्हणत. त्यावर कोणाची बोलायची टाप नव्हती. शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या त्यांच्या विभागात, एखादी गोष्ट पक्की आहे हे सांगायचं तर लोक म्हणत, देशकर साहेबांनी पास केली आहे.

असा हा कडक माणूस घरच्या एका गाडीपुढे मात्र पार लाचार झाला होता.

रेल्वेतून निवृत्त होऊन गावी निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी ती जुनी विलायती मोटार हौसेने घेतली. पहिला महिना बरा गेला. मग गाडीने आपले गुण दाखवायला सुरुवात केली. गार असताना ती अगदी शहाण्यासारखी चालायची, आणि तीन-चार मैल झाले, इंजिन तापलं, की रेडिएटरच्या टोपणातून वाफ सोडून भररस्त्यात बसायची. देशकर तिला कारखान्याकडे कधी नेत नसत. "पेट्रोल काय कमी लागते का," असं म्हणून सायकलवर जात. खरं कारण पेट्रोल नव्हतं. इंजिनं पास करणारा माणूस फाटकात गाडी ढकलताना दिसला असता तर त्याच्या खडूला कोण विचारतं? नेपियर टाउनातल्या शेजाऱ्यांनी काय ती मजा पाहिली असेल तेवढीच. कारखान्यातल्या कोणाला तिची कुंडली ठाऊक नव्हती.

दिवाळी उलटून गेल्यावरच्या रविवारी ते पत्नीला, विनताबाईंना घेऊन भेडाघाटाहून परतत होते. शहराच्या अलीकडे गाडीने मान टाकली. नेमका समोरून फौजी ट्रकांचा ताफा आला. कोरे करकरीत, हिरवे ट्रक. त्यातले निम्मे तरी देशकरांच्या हाताखालून गेलेले असतील. रस्ता अरुंद, गाडी मधोमध. पहिला ट्रक थांबला, मागचे सगळे थांबले. पाच-सहा जवान खाली उतरले आणि हसत हसत त्यांनी ती विलायती राणी बाजूला लोटली. मिशीवाल्या हवालदाराने रुमालाने हात पुसत विचारलं, "साहब, आप काम क्या करते हैं?"

"मास्टर हूँ। स्कूल में," देशकर म्हणाले.

हवालदार सलाम ठोकून गेला. ताफा निघून गेला. विनताबाई गाडीत बसल्या होत्या, त्यांनी ते ऐकलं होतं. घरी आल्यावर चहाचा कप समोर ठेवताना त्या म्हणाल्या, "अहो, साऱ्या दुनियेच्या लोखंडाला तुम्ही फुल्या मारून राहिले. या घरच्या लोखंडाला काहून मारत नाही?"

दुसऱ्या रविवारी देशकरांनी सदर बाजारातून रज्जाक मिस्त्रीला घरी बोलावून आणलं. रज्जाकने इंजिन तापू दिलं, वाकून पाहिलं आणि बोट ठेवलं. हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, कडेला केसाएवढी चीर होती. तापलं की ती उघडायची आणि पाणी बाहेर पडायचं. "साहब, ये तो आप मुझसे अच्छा जानते हैं," रज्जाक म्हणाला. देशकरांनी हातोडी न मारताही तो बद्द आवाज ऐकला होता, कितीतरी महिन्यांपूर्वी. फक्त स्वतःला सांगितलं नव्हतं.

रज्जाकचं म्हणणं सरळ होतं. नवं हेड कलकत्त्याहून मागवावं लागेल. लढाईची हवा आहे, माल कधी येईल देव जाणे. तोवर गाडी उभी ठेवा. आला की बसवतो, मग दहा वर्षं बघायला नको.

देशकरांना उभी गाडी नको होती. येणारा-जाणारा विचारणार, काय झालं, आणि त्याला उत्तर द्यावं लागणार. त्यांनी दुसरा रस्ता धरला. मढातालला भय्यासाहेब नावाचे जुने मोटार दलाल होते, भोसल्यांच्या काळापासून इथे राहिलेल्या घराण्यातले. जुनी गाडी घ्यायची, वर थोडे पैसे घ्यायचे आणि बरी गाडी द्यायची, हा त्यांचा धंदा. त्यांच्याकडे तीन वर्षं वापरलेली, देशी बनावटीची, तब्येतीने ठणठणीत गाडी होती.

"त्यांना चीर दाखवून द्या बरं का," विनताबाई म्हणाल्या.

"दलाल आहे तो. त्याला समजत नसेल का?"

"समजत असेल तर मग सांगायला काय जाते तुमचं?"

देशकर चिडले. शनिवारी संध्याकाळी, विनताबाई देवळात गेल्यावर, त्यांनी बोनेट उघडलं, चीर पॉलिश पेपरने घासली आणि तिच्यात सफेदा भरला. गळती तात्पुरती बंद करायला फिटर वापरतात ते पांढरं लुकण. काम त्यांनी नेहमीसारखं नीटनेटकं केलं. दोनदा हात दिला, कडा अंगठ्याने साफ केल्या, वरून काळपट रंग फासला. वाईट काम करतानाही या माणसाला गबाळेपणा जमला नाही.

भय्यासाहेब सकाळी आठला आले. सकाळची वेळ देशकरांनीच दिली होती. इंजिन गार असतं. भय्यासाहेबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ मारली आणि बोनेटकडे हातसुद्धा नेला नाही.

"मी काय तपासू, साहेब? अख्खी फौज तुमच्या खडूवर चालून राहिली. तुम्ही फक्त सांगा, पास का फेल?"

देशकरांच्या तोंडून शब्द बाहेर पडायला क्षणभरही लागला नाही. पुढे त्यांना तेच जास्त खात राहिलं. "पास," ते म्हणाले.

नवी गाडी खरोखरच चांगली निघाली. देशकर आता ती कारखान्यात नेऊ लागले. दहा-बारा दिवस मजेत गेले. जुनीचं काय झालं हे त्यांनी विचारलं नाही. दलाल बघून घेईल, दुरुस्त करेल, तोडून विकेल, असं ते मनाशी म्हणत. आपली लबाडी दुसऱ्या लबाडाच्या गळ्यात गेली की ती धुऊन निघते, असा त्यांचा हिशेब होता.

मग एका सकाळी फाटकाच्या अलीकडच्या चढावर त्यांना ती दिसली. तिच्या मागे घामाघूम होऊन रेटा लावत होता त्यांच्याच शॉपमधला फिटर, बंडू बारापात्रे. आत त्याची बायको हेमलता बसली होती. हेमलताचा एक पाय लहानपणापासून अधू. ती कारखान्यापलीकडच्या शाळेत शिकवायची आणि महाराजपुरातल्या घरून तिथे पोचताना तिचा जीव निघायचा. रिक्षावाले चढावर उतरायला सांगत. बंडूने सहा महिने एक रविवार घरी न काढता ओव्हरटाइम केला होता तो एवढ्यासाठी. देशकर नवी गाडी थांबवून उतरले, ते उतरायलाच पाहिजे म्हणून.

"अरे बंडू, ही कधी घेतलीस?"

"आठवडा झाला, साहेब. भय्यासाहेब म्हटले, देशकर साहेबांनी स्वतः पास केलेली आहे. मग मी काय पाहतो? डोळे मिटून घेतली."

भोवती सकाळच्या पाळीचे लोक जमले होते. कोणीतरी म्हणालं, "अबे, साहेबांकडे होती तोवर एकदा तरी ढकलताना दिसली काय? तुलाच चालवता येत नाही."

"हो ना. माझाच हात अजून गाडीवर बसून नाही राहिला," बंडू म्हणाला आणि हसला. लोकही हसले. देशकरांनीही ओठ ताणले. हेमलता काचेआडून सगळ्यांकडे बघत होती, संकोचाने अर्धी झालेली.

त्यानंतर हे रोजचं झालं. तीन डिसेंबरला लढाई पेटली. कारखान्यात श्वास घ्यायला फुरसत नव्हती, पण फाटकातली ती पाच मिनिटं चुकली नाहीत. बंडू ढकलायचा, लोक त्याची फिरकी घ्यायचे, तो स्वतःच्या हाताला नावं ठेवायचा. देशकर लवकर निघून पाहत, उशिरा निघून पाहत. जेवण जाईना. त्यांच्या मेजापुढे येणारा प्रत्येक लोखंडाचा तुकडा ते आता दोन-दोनदा ठोकून बघू लागले, आणि लोक म्हणू लागले, लढाई आहे म्हणून साहेब आणखी डोळ्यांत तेल घालून काम करून राहिले. ते ऐकलं की त्यांना जमिनीत शिरावंसं वाटे.

लढाईच्या पाचव्या दिवशी त्यांनी जेवणाच्या सुट्टीत बंडूला शॉपमागे बोलावलं. सांगायचं म्हणून वाक्य तयार केलं होतं, ते अर्धंच निघालं. "बंडू, त्या गाडीच्या हेडला..."

"चीर आहे, साहेब," बंडू म्हणाला. "मला तिसऱ्याच दिवशी दिसली."

"तुला कशी?" देशकरांनी विचारलं.

"मी फिटर आहे, साहेब. सफेदा उखडला होता. बाजारातले मिस्त्री सफेदा बोटाने थापतात. हा दोनदा हात देऊन भरलेला होता, कडा अंगठ्याने साफ केलेल्या. तसं काम तुम्हीच मला शिकवलं." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर देशकरांना सोसवला असता.

"मग माझ्या तोंडावर काहून नाही फेकलंस?"

"आपल्या शॉपमध्ये सात जणांचे भाऊ, पोरं फौजेत आहेत. तुम्ही पास केलेल्या ट्रकांत बसून जाऊन राहिले ते. साहेबांनी आपल्या गाडीची चीर लपवली, हे त्यांना समजलं तर त्यांनी रात्री झोपावं कसं? ट्रकांमध्ये तुम्ही खोटं केलं नाही, हे मला माहीत आहे. त्यांना कोण समजावेल?" मग तो म्हणाला, "हेमलतालाही नाही सांगितलं. ती तुम्हाला फार मानते."

देशकरांना रडू आलं. पन्नाशीचा माणूस, कारखान्याच्या भिंतीशी उभा राहून, हाताने तोंड झाकून. "मी आजच सांगतो सगळ्यांना. गाडी परत घेतो. माझी घेऊन जा."

"लढाई संपेपर्यंत नका, साहेब," बंडू म्हणाला. भोंगा झाला आणि तो आत गेला.

पुढचे दिवस देशकरांनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. विनताबाईंना त्यांनी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, समजूतही घातली नाही. फक्त म्हणाल्या, "लढाई संपली की सांगाल ना? नाही तर त्या दिवशी दुसरं काही कारण सापडेल."

लढाई थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी नुसती धमाल होती. कोणी पेढे वाटत होतं, कोणी गुलाल उधळत होतं. आणि चढावर, नेहमीच्या जागी, गाडी बसलेली. देशकर आपल्या गाडीतून उतरले, कोट काढला आणि बंडूशेजारी जाऊन मागून हात लावला. लोक वळून पाहू लागले. साहेबाला गाडी ढकलताना कोणी पाहिलं नव्हतं.

देशकर वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "बंडूच्या हाताला दोष नाही. या गाडीच्या हेडला चीर आहे. माझ्याकडे होती तेव्हापासून आहे. मला माहीत होती. मी ती सफेद्याने बुजवली आणि पास म्हणून सांगितलं."

मग मागून एक म्हातारा फिटर हसत हसत बोलला, "वाह साहेब. आपल्या माणसाची फजिती होऊन राहिली तर सारा दोष स्वतःवर घेतला." दुसरा म्हणाला, "याला म्हणतात साहेब." टाळ्या पडल्या. देशकर पुन्हा पुन्हा म्हणाले, "अरे, खरं सांगून राहिलो मी." पण ते जितकं सांगत तितका टाळ्यांचा आवाज वाढत गेला. कोणीतरी त्यांच्या कपाळाला गुलाल लावला. बंडू मान खाली घालून उभा होता. लढाई संपली होती, हो म्हणायला आता त्याची हरकत नव्हती, पण त्या गर्दीत त्याला विचारलं कोणी? वीस हात गाडीला लागले आणि गाडी चढावर सरकू लागली.

देशकर लोटले जात खिडकीशी आले. आत हेमलता मांडीवर शाळेच्या वह्या घेऊन बसली होती. ती हसत नव्हती. तिने काच थोडी खाली केली आणि त्यांनाच ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "साहेब, तुम्हाला खरंच माहीत होतं?"

"हो," देशकर म्हणाले.

तिने त्यांच्या कपाळावरच्या गुलालाकडे पाहिलं आणि काच वर केली.