भाडेपावती आणि डब्यातली कोथिंबीर

"पावती? आन् ती बी तिकीट लावून? अवो, त्यापरास सरळ घरच उचला माझं, आन् डोक्यावर घिऊन जावा की!"

आमचे घरमालक जिन्याच्या तळाशी उभे राहून ओरडत होते. मी वरच्या पायरीवर, हातात दाढीचा ब्रश, एका गालाला साबण. मालकांचा आवाज असा, की त्यांनी शुक्रवार पेठेत बायकोला चहा टाकायला सांगितलं तर सांगोल्याच्या माळावरची शेरडं चरायची थांबून माना वर करत. त्या सकाळी तर ते चिडलेले होते. वाऱ्याचं नाव नव्हतं, तरी आमच्या गॅलरीत वाळत घातलेली बायकोची साडी फडफडली. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी तिला विचारावं. ती माझ्यापेक्षा वाढवून सांगेल.

मी मागितलं होतं एवढंसं. तेव्हा मी एका बँकेत कारकून होतो आणि बँक पगारासोबत घरभाडं भत्ता देत असे. त्या भत्त्यावरचा आयकर वाचवायचा, तर आपण खरोखरच भाडं भरतो हे दाखवणाऱ्या, रेव्हेन्यू तिकिटावर घरमालकाची सही असलेल्या पावत्या लागायच्या. हेडक्लार्कनी चष्म्यावरून बघत बजावलं होतं, "मार्चच्या पगाराआधी पावत्या आल्या तर ठीक. नाहीतर वर्षभराचा कर त्या एका पगारातून कापणार. मग माझ्यापुढे रडायला येऊ नका."

आणि मार्चच्या पगारातून आमच्या घरी शिलाई मशीन यायचं होतं. बायकोने खोलीचा एक कोपरा केव्हाचा रिकामा करून ठेवला होता. पाटावर बसून भाजी निवडतानासुद्धा तिचे पाय मशीन चालवल्यासारखे हलत. पेठेतल्या निम्म्या बायकांची झंपरांची मापंही तिने घेऊन ठेवली होती. मशीन आलं नसतं तर त्या निम्म्या पेठेला तोंड मलाच द्यावं लागणार होतं.

मालक मूळचे करकंबचे. तिथली त्यांची काळी कसदार जमीन कूळकायद्यात गेलेली. जमीन दुसरा कसायचा, मालक त्याच्याकडून खंड घ्यायचे आणि दरवर्षी मोठ्या दिलदारीने, झोकदार सही ठोकून पावती द्यायचे. कायदा आला, कुळाने त्याच पावत्या कचेरीत मांडल्या आणि जमिनीचा मालक झाला. तेव्हापासून मालकांनी सही या गोष्टीचा धसकाच घेतला. मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस, पण पोस्टमनने मनिऑर्डर आणली की शाईत अंगठा बुडवून उभा!

"मालक, तो कायदा शेतजमिनीचा," मी साबण पुसत म्हणालो. "इथं शेत कुठंय?"

"आज न्हाय. उद्या?"

"उद्या काय मी वरच्या खोलीत नांगर धरणार आहे?"

"मग ती कोथमीर कुणी लावलीया?"

गॅलरीत वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात बायकोने मूठभर धने टाकले होते आणि कोथिंबीर दणकून आली होती.

"रोज पानी घालत्यात. परवा खुरपत हुत्या. मी खालनं समदं बघतो," मालक म्हणाले. "कसेल त्याची जमीन म्हनतंय सरकार. डबा तुमचा आसंल, पर डबा ठिवलाय कुटं? माझ्या घरावर न्हवं?"



तेवढ्यात समोरच्या सायकल दुकानातले चाचा हातात पंप घेऊन रस्त्याच्या मध्यात आले. "क्या है जी सुबू सुबू? किराया नै दिये क्या इनो?"

"किराया दिया चाचा. ये रसीद नै देते."

"बस इत्ताच?" चाचा मालकांकडे वळले. "तो कसम खिलाव इनकू. कायकू पूरे मोहल्लेकू उठा रैं?"

मालक एकदम थांबले. मिशीवरून हात फिरवला. "व्हय," म्हणाले, "कूळ न्हाय म्हनून बेलभंडारा उचला. मग बघू."

बेलाचं पान आणि खंडोबाचा भंडारा तळहातावर घेऊन घेतलेली शपथ म्हणजे आमच्या भागात शेवटचा शब्द. कोर्टात खोटं बोलणारे पैशाला पासरी मिळतात. भंडारा हातात घेऊन खोटं बोलणारा अजून जन्माला यायचाय.

पण त्याआधी कोथिंबीर काढायची, अशी अट पडली. बायकोने क्षणभर डब्याकडे पाहिलं, क्षणभर रिकाम्या कोपऱ्याकडे, आणि एका हिसक्यात सगळी कोथिंबीर मुळासकट उपटली. हिरव्या मिरच्या घालून पाट्यावर वाटली आणि वाटीभर चटणी खाली मालकांकडे पाठवून दिली. पुरावा मालकांनी भाकरीसोबत स्वतःच खाल्ला. वर निरोप धाडला, "मीठ जरा कमी हुतं."

रविवारी शपथ. काय ती गर्दी! शेजारच्या गल्लीतले हातमाग थांबले, तेलुगू बायका पोरं काखेला मारून आल्या. मला काय करायला लावतात ते एकमेकींना समजावून सांगताना त्यांनी बहुधा माझं दुसरं लग्न ठरवलं, कारण एकीने माझ्या बायकोच्या पाठीवरून सांत्वनाचा हात फिरवला. गर्दीमुळे टांगे अडले, टांग्यांमुळे एसटी अडली, आणि एसटीतला कंडक्टर "झालं का हो उचलून?" म्हणून टपावर चढला होता. निदान मला तरी तो दिसला.

मालकांनी माझ्या हातावर बेलाचं पान ठेवलं, वर चिमूटभर पिवळाधमक भंडारा.

"म्हना, मी कूळ न्हाय."

"मी कूळ नाही."

"माझा बाप कूळ न्हवता. माझी पोरं कूळ हुनार न्हाईत."

पोरं अजून व्हायची होती, पण त्यांच्या वतीनेही मी कबूल झालो.

"घर सोडा म्हनलं की सोडीन. हितं काय बी पेरनार न्हाय."

"पुदीना बी नै?" चाचांनी मागून विचारलं.

"पुदिना बी न्हाय!" मालक गरजले, आणि मीही त्याच सुरात पुदिना सोडला.

मग मालक ओट्यावर मांडी घालून बसले. तिकिटं जिभेवर ओली करून त्यांनी पावत्यांवर चिकटवली आणि कित्येक वर्षं कोंडून ठेवलेली ती सही बाहेर काढली. काय सही होती! शेवटच्या अक्षराची शेपटी तिकीट ओलांडून, कागद ओलांडून त्यांच्या धोतरावर गेली. काकूंनी, म्हणजे मालकिणीने, तोंडाला पदर लावला. मला वाटलं गहिवरल्या.

हेडक्लार्कनी पावत्या उलटसुलट करून पाहिल्या आणि ठेवून घेतल्या. मार्चचा पगार सगळा हातात आला. मशीन हातगाडीवरून वाजतगाजत आलं. वाजवायला कुणी नव्हतं, चाचांनी सायकलच्या घंट्या वाजवल्या. बायको पहिल्याच दिवशी असं काही मशीन चालवायला लागली, की संध्याकाळी पडदे, उशा आणि माझ्या एका पायजम्याचे दोन्ही पाय शिवून मोकळी झाली.

तिला मशीनच्या वर दोरे ठेवायला फळी हवी होती. भिंतीत खिळे ठोकू का म्हणून विचारायला मी खाली गेलो. मालक पान लावत बसले होते.

"मला काय इचारता? तिला इचारा," त्यांनी स्वयंपाकघराकडे मान हलवली. "घर तिच्या नावावर हाय."

"काकूंच्या? कधीपासून?"

"घेतलं तवापास्नं. जमीन गेल्यावर शाना झालो की."

"म्हणजे तुमच्या सहीने घर जाणारच नव्हतं?"

"न्हाय."

"मग मालक, एवढा आरडाओरडा, ती कोथिंबीर, अख्ख्या पेठेसमोर तो बेलभंडारा, कशाला हो?"

मालकांनी पानाला चुना लावला, घडी घातली, पान तोंडात टाकलं.

"तुमी उचलताय का ते बघितलं."