निवडीच्या दिवशीचा फोन

माझा नवरा लेव्हॉन अमेरिकन फुटबॉलमध्ये टाइट एंड आहे. म्हणजे आधी समोरचा धिप्पाड गडी छातीवर झेलायचा, मग धावत जाऊन चेंडूही झेलायचा. राबायचं दोघांइतकं आणि टीव्हीवर नाव तिसऱ्याचंच!

ऑगस्टअखेर संघाची अंतिम निवड होते. ज्याला काढायचं त्याला फोन येतो, "कोचनी बोलावलंय." म्हणून त्या दिवशी आमच्याकडे कुणीच खेळाडूच्या घरी फोन करत नाही. यंदा सासूबाई विसरल्या. फोन वाजताच लेव्हॉन दुखरा गुडघा विसरून उठला.

"जेवलास का रे?" पलीकडून आवाज आला.

त्याचा चेहरा पडला. "आई, आज कशाला गं फोन केलास?"

मला वाटलं, बिचारा घाबरला होता. चार वाजता मुदत संपली, दुसरा फोन आला नाही.

"राहिलास बाबा संघात!" म्हणत मी बरगड्यांचं मांस भाजायला घेतलं. ताटावर बसला, तर त्याच्या सुजलेल्या बोटांत सुरी धरवेना. मीच मांस कापून दिलं.

त्यानं एक तुकडा तोंडात टाकला. मग म्हणाला, "आईचा फोन वाजला ना, तेव्हा वाटलं, कोचनीच बोलावलंय, सुटलो एकदाचा."