सोमवारचा रकाना

मोठ्या आतड्याला सूज आहे हे कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी वही आणली आणि पाच रकाने आखले. वेळ. काय खाल्लं. किती. कोणी बनवलं. पोटाने काय केलं. चौथा रकाना डॉक्टरांनी सांगितला नव्हता. तो माझा.

नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पथ्य सांगितलं आणि महिन्याने बोलावलं. तोवर रक्त पडणं थांबलं नाही तर भरती व्हावं लागेल, असंही म्हणाले. पथ्य मी स्वच्छ अक्षरात उतरवून फ्रिजवर चिकटवलं. सालीच्या डाळी, बिया, शेंगदाणे, कच्चं, तिखट, दूध बंद. जुन्या तांदळाची पेज, मुगाचं पातळ वरण, मऊ भात चालू.

अडचण एकच. स्वयंपाक नवऱ्याकडे गेला होता. मला ओट्यापाशी दहा मिनिटं उभं राहवत नव्हतं, मध्येच पळावं लागे. आणि हा माणूस अर्जुनी मोरगावकडचा, लाखोरीच्या जड डाळीवर वाढलेला. मुगाच्या वरणाला तो वरण मानतच नाही. पहिल्याच दिवशी पातेल्यात डोकावून म्हणाला, "हे का वरण हाये? याच्यात तर तोंड दिसते."

तेव्हापासून मी वास घेऊ लागले. वरणाचा, पळीचा, त्याच्या हातांचासुद्धा.

"लसूण कशाला सोललात?"

"मायासाठी."

"कढई वेगळी?"

"वेगळी."

"पळी?"

"पळीबी वेगळी. आता हात वेगळे आणू का बाजारातून?"

तो हसला. मी हसले नाही. मूग पचायला हलका, म्हणून बायकोला जरा ताकद यावी या चांगल्या हेतूने मूठभर लाखोरी आत ढकलणारा माणूस आहे तो. चांगल्या हेतूचीच मला जास्त भीती वाटत होती.

दोन आठवड्यांनी वही समोर घेऊन बसले. वाईट दिवसांवर लाल खूण केली होती. खुणा सगळ्या मंगळवारी सकाळी, एखादी बुधवारी. रविवारी पोट बरं, सोमवारी बरं, मंगळवारी पहाटेपासून कळा आणि रक्त. त्याआधीचं जेवण कोणतं? सोमवारी संध्याकाळी उपवास सोडताना घेतलेला वरणभात. चौथ्या रकान्यात दोन्ही वेळा एकच नाव होतं.

तिसऱ्या सोमवारी तो कामावर गेल्यावर लाखोरीचा डबा काढला आणि डाळ जिथवर होती तिथे बाहेरून पेनने बारीक रेघ मारली. संध्याकाळी वरणभात जेवले. मंगळवारी पुन्हा तेच, उलट जास्तच. डबा बघितला. डाळ रेघेलाच होती. माझ्या मनात आलं, म्हणजे डाळ आता दुसरीकडे ठेवतो.

भरतीच्या तारखेला जेमतेम आठवडा उरला होता. तो भाजी निवडत बसला होता, तिथेच विचारलं. "सोमवारच्या वरणात काय घालता?"

"मूग."

"आणखी?"

"पाणी, हळद, मीठ." त्याने मान वर केली. "काऊन वं? डब्यावर रेघ तूच मारली ना? मले वाटलं, डाळ पळून जाते का काय, ते पाहून राहिली."

मी वही त्याच्यापुढे ठेवली. लाल खुणा दाखवल्या. त्याने हात पुसले, चष्मा लावला आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली. बोट सोमवारवर थांबलं.

"इथं दिवसभर काईच नाई?"

"उपवास असतो. तुमच्याच गावाकडच्या प्रतापगडच्या महादेवाला बोललेला सोमवार आहे, माहीत नाही का?"

"उपवासात का तू हवा खाते? उकडलेले शिंगाडे कोणं खाल्ले? पिशवी मीच आणली बसस्टँडवरून. अन् साबुदाण्यात शेंगदाण्याचा कूट?"

सोमवारी सकाळी कितीही गळाठा असला तरी स्टूल ओढून, ओट्यापाशी बसून उपवासाचं माझं मीच करत होते. त्याच्या लसणाच्या हातांचा भरवसा नव्हता. आणि वहीत लिहीत होते ते एकच, उपवास, पुढे आडवी रेघ. आमच्याकडे भरलेली ताटली हातात घेऊनही बायका म्हणतात, मी आज जेवत नाही. जेवले नाही तर लिहायचं काय? फ्रिजवरच्या कागदावर शेंगदाणे तिसरे होते. अक्षर माझंच.

"बोल," तो म्हणाला, "आता कोणाले धरू?"

तीनही सोमवार मी आठवून भरून काढले. चौथ्या रकान्यात तीनदा लिहिलं, मी.

पण पुढच्या सोमवारचं काय, हा घोर होता. नवस मोडवत नव्हता. तो म्हणाला, "महादेवाले सांग, बरी होईपर्यंत हे सोमवार माये." त्या सोमवारी मी सकाळी पेज प्यायले आणि वेळेसकट लिहिली. मंगळवार बिनलाल गेला. तारीख आली त्याच्या दोन दिवस आधी रक्त थांबलं. डॉक्टरांनी वही चाळली आणि म्हणाले, एकट्या शेंगदाण्यावर खापर फोडू नका, गोळ्यांनाही वेळ लागतो. भरती केलं नाही.

तो अजून माझे सोमवार करतो. निदान तसं म्हणतो. कामावरून आला की मी आधी त्याच्या हातांचा वास घेते. परवाच्या सोमवारी समोशाचा आला.