आईच्या वाट्याची सुकडी

बहात्तरच्या दुष्काळात मी आणि आई तेर गावच्या रस्त्यावर खडी फोडायला जात होतो. एक दिवस दगडाची कपची उडून आईच्या नडगीत घुसली. जखम बोटभरच, पण दीड महिना ती होती तशीच राहिली. ना लाल, ना गरम, ना सूज. आई म्हणायची, "दुखतच न्हाय, मग कशाला बघायचं तिच्याकडं?" आम्हाला ते चांगलं लक्षण वाटायचं. घरात तेलाचा थेंब नव्हता आणि भाकरी एकाच वेळची होती.

मग कामावर सुकडी वाटायला लागले. गूळ-तेलाची, हाताला ओशट लागणारी वडी, माणशी एक. आठ-दहा दिवसांत आईचा पाय टरारून सुजला, जखम लालभडक झाली, पू आला, अंगात ताप भरला. शेजारी खडी फोडणारी एक म्हातारी मलाच झापायला लागली, "तेलकट खाऊ घालतीस व्हय गं तिला? पू हुणारच की! बंद कर आधी." मला पटलं. न पटायला काय झालं? सुकडी आली आणि मागोमाग सूज आली, हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं होतं.

मी आईची वडी काढून घ्यायला लागले. टाकून कशी द्यायची, म्हणून मीच खायचे. पंधरा दिवसांत सूज उतरली, ताप गेला, सगळ्यांनी मला शाबासकी दिली. जखम मात्र भरली नाही. त्या पायाला चिंधी बांधून आई जन्मभर लंगडत चालली.

पुढं मी गावच्या दूध सोसायटीत फॅट मोजायला बसले. कुणाच्या म्हशीच्या दुधाला किती फॅट लागणार, हे मला नुसतं बघून कळायचं. पण माणसाच्या अंगातली चरबी काय करते, हे कळायला माझी भाची डॉक्टर व्हावी लागली.

"आत्या, चरबी नुसती साठून राहत नाही," ती म्हणाली. "ती रक्तातून पांढऱ्या पेशींना निरोप धाडते. उपाशी अंगात तो निरोप कमी पडतो, पेशी थंडावतात, जखम गप्प बसते. खायला मिळालं की त्या जाग्या होतात, झुंजायला लागतात. सूज त्याचीच असते, आणि जखम भरते तीही त्यातूनच."

"म्हणजे सुकडी औषध होती?"

"तसंही नाही म्हणता येत. जखम धुवायला कुणी नव्हतं. तीच सूज आजीच्या जिवावरही उठली असती."

मला रागच आला. एवढं शिकलीस आणि धड एक उत्तर नाही? मी आईला वाचवलं की अधू केलं, एवढंच तर विचारत होते.

अजून विचार करायला बसले की डोकं भणभणतं. कधी हे खरं वाटतं, कधी ते. नक्की एकच सांगता येतं. मला तेव्हा सारखी भूक लागायची, आणि आईच्या वाट्याची ती वडी मला गोड लागायची.