मंगळावरची माचिस

प्लांटमध्ये लोकांना गॅसपासून वाचवायचं हे माझं काम, आणि मी घरी शेगडी सुरू ठेवून मंगळ बघत बसलो होतो. दूध उतू गेलं, ज्योत विझली, बटण उघडंच राहिलं. माझी चूक एवढीच. त्यानंतर जे झालं त्यात माझा काही हात नाही... कोणाचा आहे ते अजून कळलेलं नाही, म्हणून तर इथे लिहायला बसलो.

आधी एक कबूल करून टाकतो. या पानावरच्या कितीतरी अनुभवांखाली "भाऊ, झोप पूर्ण घेत चला" अशी कमेंट टाकणारा जो आगाऊ प्राणी आहे ना, तो मीच. भूत, भास, संकेत... असलं काही मी कधीच मानलं नाही. आज माझ्या या अनुभवाखाली कोणी तीच कमेंट टाकली तर हक्क आहे तुमचा. फक्त शेवटपर्यंत वाचून टाका.

तर जागा — भिलाई, सेक्टर 10, तळमजल्याचं क्वार्टर. समोर हॉल, मध्ये एक खोली, मागे किचन आणि त्यामागे छोटं आंगण. किचनच्या कोपऱ्यात भिंतीला देवघर. हे देवघर लक्षात ठेवा. घरात आम्ही दोघंच — मी आणि माझी बायको माधुरी. वडील वर्ध्याकडून इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये नोकरीला आले, मग मीही इथेच चिकटलो. मी गॅस सेफ्टीत आहे. नवीन ठेका मजूर आले की त्यांना समोर बसवून भाषण देतो. भाषणातलं पहिलं वाक्य ठरलेलं — "नाक पर भरोसा मत करना." कारण प्लांटमध्ये जो गॅस माणसाला गुपचूप झोपवतो, त्याला वासच नसतो. मीटर लावा, मीटर बघा, नाक घरी ठेवून या. हे भाषण मी घरी आरशासमोर इतक्या वेळा केलंय की माधुरीला ते पाठ आहे.

आणि नाकाचंच दुःख आमच्या घरात आधीपासून मुक्कामाला होतं.

दोन वर्षांपूर्वी माधुरीला ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. फोडणी, मोगरा, कूलरची भिजलेली खस... काही नाही. डॉक्टर म्हणाले, येईलही परत, नाही येणारही. आता हिचं कसं आहे, आमच्या इथल्या मराठी मंडळात वडाभात आणि पाटोडीचा रस्सा म्हटलं की माधुरीच. दर गणपतीत मोठी कढई हिच्या ताब्यात. त्या वर्षी मसाला भाजायला घेतला, खोबरं-खसखस काळं पडायला लागलं, मागून बायका ओरडून राहिल्या, "अहो वहिनी, जळून राहिलं ना!" आणि ही शांतपणे झारा फिरवून राहिली. तिला पत्ताच नाही. त्या दिवशी घरी आली, पदर झटकला आणि म्हणाली, "मले आता नाही जमत." त्यानंतर मंडळात गेलीच नाही. घरात स्वयंपाक करायची, पण कसा... परीक्षेत उत्तर येत नसताना पान भरावं, तसा.

आता माझा छंद. मंगळावर एक सहा चाकांची गाडी फिरते, माणसाशिवाय. तिने काढलेले कच्चे फोटो नेटवर कोणालाही बघता येतात. बाहेरगावी असलेल्या मुलीने टॅबलेट दिला तेव्हापासून मी रोज संध्याकाळी ते बघत बसतो. बहुतेक काळे-पांढरे. दगड, रेती, चाकाचा माग, पुन्हा दगड. माधुरी म्हणायची, "दल्लीच्या लोखंडाच्या खाणीत फुकट दाखवतात तेच. तिथं तर रंगीत बी दिसते."

तो दिवस भर उन्हाळ्याचा. कूलरसमोर झोपून झोपून मला सर्दी झालेली, म्हणून नाकाला आणि कपाळाला बाम चोपडलेला. माधुरी आंघोळीला गेली होती. मी स्वतःच्या हाताने चहा करायचं ठरवलं — इथेच देवाने सावध व्हायला पाहिजे होतं — दूध ठेवलं, किचनची गरमी हॉलमध्ये येऊ नये म्हणून दार ओढून घेतलं, आणि "दोनच फोटो बघतो" म्हणून सोफ्यावर बसलो.

दिवेलागण झाली. माधुरी केस पुसत आली आणि टीव्हीजवळची माचिस उचलली. मच्छर अगरबत्तीसाठी माचिस हॉलमध्येच असते. देवापाशी दिवा लावायला निघाली. म्हणजे किचनमध्ये. माचिस हातात घेऊन.

मी म्हटलं, "ए, थांब न. हे बघून जा."

"काय पाहू? गोटेच असतील."

"अगं, गाडीचं चाक गेलं एकावरून. चुरा झाला बघ त्याचा."

माझं मन राखायला वाकली. दोन क्षण स्क्रीनकडे बघितलं आणि झटकन सरळ झाली.

"माचिस कोणं पेटवली?"

"तुझ्याच हातात आहे."

तिने हातातली डबी बघितली. बंद. "नाही हो... वास येऊन राहिला. जळलेल्या काडीचा."

मंडळी, दोन वर्षांनंतर ही बाई "वास येऊन राहिला" म्हणाली आणि मी काय केलं असेल? हसलो. म्हटलं, "टॅबलेट जळला असन." तिने माझ्या हातातून तो ओढून घेतला आणि शिवनाथ नदीच्या काठावरचं खरबूज हुंगावं तसा नाकाला लावला. वर, खाली, पुन्हा वर. मग बोट ठेवलं. बरोबर त्या फुटलेल्या दगडावर. करड्या रेतीत करडा चुरा, दुसरं काही नाही.

"इथून," ती म्हणाली.

मी हसायचा थांबलो. तिलाच स्वतःचं खरं वाटेना. म्हणाली, "किचनमध्ये काही जळत तर नसन ना? तुम्ही पाहून या बरं आधी. दिवा मग लावते." आणि डबी टीव्हीजवळ ठेवून दिली.

मी किचनचं दार उघडलं. सूं... असा आवाज. शेगडीवर दूध सांडून वाळलेलं, ज्योत गायब, बटण उघडं.

आणि माझा हात, इतकी वर्षं लोकांना शिकवणारा हा हात, सरळ एक्झॉस्ट फॅनच्या स्विचकडे गेला.

"स्विचले हात नका लावू!"

माझंच भाषण मागून, दारात उभ्या माधुरीच्या तोंडून, माझ्या अंगावर आलं. मी हात मागे घेतला. मग बटण बंद केलं, सिलिंडर बंद केलं, मागचं दार सताड उघडलं आणि दोघं आंगणात जाऊन उभे राहिलो. फरशी भाजून राहिली होती, चपला घालायचंही सुचलं नाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारचे साहूजी ओरडले, "अरे भाई, गॅस की बदबू इधर तक आ रही है! क्या कर रहे हो?"

माधुरीने माझ्याकडे बघितलं. "तुम्हाले येते का गॅसचा वास?"

"मले तर बामाशिवाय काहीच नाही येत."

"मले बी नाही," ती हळूच म्हणाली. "दारात उभी होती मी. मले गॅसचा वास आलाच नाही."

हे वाक्य माझ्या पाठीवरून पालीसारखं फिरलं. भिंतीपलीकडे साहूजींना येतो, आणि दारात उभ्या असलेल्या हिला नाही. मग हॉलमध्ये, बंद दाराच्या अलीकडे, हिला आला तो कशाचा?

मी अर्थातच खुलासा तयार केला. नाहीतर मी कसला सेफ्टीवाला! म्हटलं, सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम वासाचं औषध घालतात, त्यात गंधकाचा अंश असतो. फटीतून थोडा आला असेल, नाकाला धक्का बसला असेल, मेंदूने माचिस समजून घेतलं. झालं! आणि याचाच अर्थ नाक जिवंत आहे, असं मी माधुरीला मोठ्या थाटात सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी दोन वर्षांत बघितलं नव्हतं.

दुसरी मोठी चूक ही. कारण मग मी प्रयोग सुरू केले. ती बसली की नाकाखाली हिंग. ती पेपर वाचते तर कापूर. काड्या पेटवून विझवून, "आता? आता येते का?" लसूण ठेचून, खस भिजवून, सगळं करून झालं. काही नाही. ती दर वेळी डोळे मिटून, मनापासून ओढून घ्यायची आणि मान हलवायची. मी पुढची वाटी आणायचो.

एक दिवस तिने वाटी माझ्या हातातून घेतली आणि ओट्यावर आपटली.

"मी काय तुमचं मीटर आहो का? रोज तपासून राहिले! कावून छळता? नाक गेलं ते गेलं, तेवढं समजलं होतं मले. आता तुमच्यापायी डोकं बी गेल्यासारखं वाटून राहिलं. टॅबलेटमधून वास येते म्हणणारी बाई... पागलच म्हणतील ना लोक."

मग काही दिवस घरात कूलरचाच आवाज. मंगळ बंद. वास हा शब्दच बंद. ती रात्री उठून पाणी प्यायच्या निमित्ताने माचिस हातात घेऊन बसते, हे मला दिसायचं. मी झोपल्याचं सोंग घ्यायचो.

पावसाळ्यात बातमी आली. मंगळावर गाडीच्या चाकाखाली एक दगड फुटला होता, त्याच्या आत पिवळे स्फटिक निघाले — शुद्ध गंधक. शास्त्रज्ञच चकित. गंधक मिसळलेली खनिजं तिथे मिळत होती, पण निव्वळ गंधक असं पडलेलं कोणाला सापडलं नव्हतं, आणि त्या ठिकाणी ते असेल असं कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

मी टॅबलेट काढला. त्या संध्याकाळचा फोटो मी साठवून ठेवला होता — फुटलेला दगड माधुरीला नंतर चिडवायला कामी येईल म्हणून, दुसऱ्या कशासाठी नाही. बातमीतला फोटो शेजारी धरला. तोच चाकाचा माग, तेच तीन तुकडे, बाजूला तोच टोकदार गोटा. फक्त माझ्या फोटोत सगळं करडं होतं आणि बातमीत हळदीसारखं पिवळं.

माधुरी कणीक मळत होती. मी दोन्ही फोटो तिच्यासमोर धरले. बातमी वाचून दाखवली. तिचे हात परातीतच थांबले.

"काडीच्या गुलात गंधकच असते ना?"

"हो."

"म्हणजे मी पागल नव्हती."

एवढंच. मग तिने कणीक पुन्हा मळायला घेतली, पण अशी की परात ओट्यावरून सरकून राहिली होती. गणपतीत ती मंडळात गेली. कढईसमोर उभी राहिली, वास नाही तर नाही — रंग बघून, खसखशीचा तडतड आवाज ऐकून, चिमटीत खोबरं चुरून मसाला भाजला. मी जेवलो. पहिल्यासारखा नव्हता, खोटं कशाला बोलू. पण कढई हिची होती.

आता गोष्ट इथे संपली असती तर मी सुखाने झोपलो असतो. मी पडलो बोलभांड. साहूजी प्लांटच्या लॅबमधून रिटायर झालेले. त्यांना मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं. सिलिंडरचा खुलासा, मंगळाचा योगायोग, सगळं. ते चष्मा पुसत ऐकत होते.

"एक बात बताऊँ?" ते म्हणाले. "शुद्ध गंधक में बू होती ही नहीं. बू आती है जलने पर. और वहाँ जलाएगा कौन? हवा भी तो चाहिए जलने को."

त्या दिवसापासून माझं हे असं झालंय. बसलो की उठतो, उठलो की टॅबलेट. तिथे जळालं नाही. जळालं असतं तरी वास इथवर यायला रस्ता नाही. इथे गॅस होता, तो तिला आला नाही. आणि तरी तिने बोट ठेवलं ते नेमक्या त्याच चुऱ्यावर, त्याच क्षणी, हातात माचिस असताना. कोणी थांबवलं तिला? गॅसने म्हणावं तर गॅस नाही, दगडाने म्हणावं तर दगडाला वास नाही, माझ्या हुशारीने म्हणावं तर... तुम्ही वाचलंच आहे. ड्यूटीवर मजुरांसमोर "नाक पर भरोसा मत करना" म्हणताना आता माझी जीभ अडखळते.

माधुरी शांत आहे. चैन नाही ते मला. नवीन फोटो आले की काही ना काही निमित्त काढून टॅबलेट तिच्याजवळ नेतो. "हा दगड बघ न, आपल्या पाट्यासारखा आहे." तिला माझा डाव कळतो. बघते, मान हलवते.

परवा संध्याकाळी तेच. ती हॉलमध्ये मेथी निवडत होती, किचनचं दार ओढलेलं. मी नवीन फोटो तिच्यासमोर धरला. न राहवून विचारलंच, "काही येते का?"

तिने मान वर केली. नाकपुड्या हलल्या... आईशप्पथ हलल्या.

"दूध," ती म्हणाली.

मी धावलो. ज्योत सुरू होती, दूध पातेल्याच्या काठाला येऊन थरथरत होतं. उतू गेलं नव्हतं. करपलंही नव्हतं. तिथून हॉलपर्यंत वास जाण्यासारखं काहीच नव्हतं. मी बटण बंद केलं, दोनदा तपासलं, आणि परत आलो.

"माधुरी... तुले वास आला?"

तिने मेथीची काडी मोडली.

"वास कशाले पाहिजे? दूध तुम्ही ठेवलं होतं, तेवढं पुरे आहे."