कुसुमची मधुमालती आणि वाकडं कुंपण

कुसुम आज पहाटे गेली.

नव्वदी पार केली होती तिने. तेव्हा खाली कमेंटमध्ये कोणी "शॉकिंग" वगैरे लिहू नका. तिला नाटकं आवडायची नाहीत.

तिच्याबद्दल लिहायचं तर आधी कुंपणाबद्दल लिहावं लागेल.

मी लग्न होऊन मुलुंडला आले ती एकोणीसशे पंचावन्न-छप्पनच्या सुमारास. तेव्हा इथे बैठी घरं होती, मागे परस, विहीर. आमच्या आणि कुसुमच्या परसाच्या मध्ये लाकडी पट्ट्यांचं एक सामाईक कुंपण. ती माझ्याहून थोडी मोठी, मालवणकडची. नवरा गिरणीत.

कुंपण आपलं नावाला. दिसायच्या त्या कुसुमच्या वेली. घोसाळी, तोंडली, पडवळ. आणि त्या सगळ्यांच्या उरावर बसलेली मधुमालती.

पडवळ सरळ वाढावं म्हणून ती त्याच्या टोकाला दोऱ्याने दगड बांधायची. कुंपणावरच्या मांडवावरून ते लोंबायचं आमच्या बाजूला. माझे सासरे, म्हणजे मामंजी, सकाळी विहिरीवर निघाले की तो दगड बरोबर त्यांच्या कपाळावर बसायचा.

मग तणतण. रोजची.

"विमल, तुझ्या मामंजींना सांग ना, जरा वाकून जा म्हणावं."

"तूच सांग."

"मला काय वेड लागलंय?"

भाजीच्या बाबतीत ती दिलदार होती. आमच्या बाजूला लोंबलेलं ते आमचं, हा तिचा कायदा. पण मधुमालतीला हात लावू द्यायची नाही. मी एकदा वेणीत घालायला गुच्छ तोडायला गेले तर म्हणाली, "ती राहू दे गं."

मला रागच आला. फुलांचा कसला एवढा कंजूसपणा?

पुढे वाळवी लागली आणि एका पावसाळ्यात अर्धं कुंपण आडवं झालं. मामंजींनी ठरवलं, आता सिमेंटचे खांब आणि काटेरी तार. कुसुमचा नवरा हो म्हणाला. भाजीचे वेल तिने स्वतःच उतरवून दिले.

कामाला माणसं आली त्या दिवशी तिचा नवरा ड्युटीवर होता. मामंजींनी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली. एक खांब नेमका मधुमालतीच्या बुडाशी येत होता.

पहिली पहार पडायच्या आत कुसुम धावत आली. हाताला पीठ तसंच. वेलीच्या बुडाशी बसली.

"हयसर खणू नकात."

मन हललं की तिची मालवणी बाहेर यायची.

"अहो, वेल काय, दुसरा लावता येईल," मामंजी म्हणाले.

तिने पिठाचा हात वेलीच्या बुडावर ठेवला.

"हद्दीचा प्रश्न आहे. खांब सरळ रेषेत यायला नको?"

ती तिथेच. मान खाली.

"वीतभर जागेसाठी असं चारचौघांत बसायचं. शोभतं का हे?"

कामावरचा एक जण हसला. मला तिची लाजही वाटली आणि दयाही आली. उठत का नाही ही बाई, असं झालं होतं मला.

मग माझ्या सासूबाई बाहेर आल्या. लुगडं सावरून तिच्याशेजारी मातीत बसल्या. पाठीवर हात ठेवून अगदी हळू विचारलं, "कुसुम, वार इथे पुरलीय का?"

तिने मान हलवली. आणि मग ती रडली.

आजच्या मुलींसाठी सांगते. तेव्हा बाळंतपणं घरी व्हायची. बाळाची वार, म्हणजे नाळेबरोबर पडते ती, परसात पुरायची आणि वर एखादं झाड लावायचं, अशी रीत होती. मी लग्न होऊन येण्याआधी कुसुमला मुलगी झाली होती. बारशाआधीच गेली. नाव नाही, फोटो नाही. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. पुरुष घेऊन गेले. कुठे ठेवलं ते आईला कोणी सांगितलं नाही, आणि विचारायची सोयही नव्हती.

लेकीचं म्हणून तिला माहीत असलेलं ठिकाण एवढंच होतं. आणि हे परक्या पुरुषांसमोर बोलायचं कसं?

सासूबाईंनी मामंजींना बाजूला नेऊन सांगितलं.  मामंजी परत आले आणि दोरी उचलून आमच्या बाजूला सरकवली.

"खांब इथे घ्या. हातभर आत."

"साहेब, वाकडं दिसेल."

"दिसू दे."

या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. पडवळाच्या दगडावरूनही नाही. त्यानंतर ते वाकून जायचे.

कुसुमला पुढे दोन मुलगे झाले. कुंपण वाकडंच राहिलं. येणारा-जाणारा हसायचा, आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो.

मग प्लॉट बिल्डरकडे गेले. आता तिथे पार्किंग आहे.

पाडकामाच्या आधी आम्ही दोघींनी वेलीचा एक फुटवा काढला. बुडाची माती कुसुमने स्वतःच्या हाताने डब्यात भरली. ती बोरिवलीला मुलाकडे जाणार होती, तिथे खिडकीच्या ग्रिलला ऊन नव्हतं. म्हणून वेल माझ्या ग्रिलवर आली.

तिचा फोन यायचा. "फुलली?"

"फुलली."

बस, एवढंच. मग बाकीच्या गप्पा.

आज निघताना नातीला म्हटलं, कात्री आण. त्या वेलीचं फूल मी आजवर तोडलं नव्हतं. आज ओंजळभर तोडली. 

बोरिवलीला पोचले तर कुसुमची सून म्हणाली, "मावशी, हार आणलाय ना, ही कशाला?"

म्हटलं, असू दे. तिच्या हातात ठेव.

कुसुम, ये आता. सांभाळून जा.

ती फुलं तुझ्यासाठी नाहीत गं. भेटली की लेकीला दे.